धक्क्याच्या आधी आणि नंतर

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावून माणूस दगावणे ही कोकणात नवलाची गोष्ट राहिली नव्हती. भाताच्या पेंढ्यात, सरपणाच्या ढिगात, चपलेत दडलेला विंचू नांगी मारायचा. घरचे लोक आधी भगताकडे धावायचे, तिथे उतार पडला नाही की दवाखाना गाठायचे. तोवर रुग्णाला दरदरून घाम सुटलेला असे, उलट्या होत असत आणि हातपाय गार पडलेले असत. काही तासांत छातीत घरघर सुरू व्हायची, तोंडाला गुलाबी फेस यायचा आणि सकाळी शेतात राबलेला धडधाकट माणूस डोळ्यांदेखत जायचा. गंभीर अवस्थेत आलेल्या दहा रुग्णांपैकी तीन-चार तरी वाचत नसत.

बावस्करांनी खाटेशेजारी बसून रात्र-रात्र नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून हळूहळू चित्र उभे राहिले. या विषाने शरीरातली आणीबाणीची यंत्रणा बेफाम सुटते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयाला त्या आवळलेल्या वाटांतून रक्त रेटावे लागते आणि ते थकते. मग फुप्फुसांत पाणी साचते आणि चढलेला रक्तदाब कोसळतो. म्हणजे विंचवाने केली ती फक्त सुरुवात. जीव घेणारे बाकीचे सारे शरीराच्या स्वतःच्याच धावपळीने घडत होते. ऐंशीच्या दशकात बावस्करांनी प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी यासाठी वापरायला घेतली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. वेळेत गोळी मिळालेल्या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. 'लॅन्सेट'ने हे काम छापले आणि महाडच्या दवाखान्यातली ही रीत जगभर गेली. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

धक्का या विषयाची ओळख करून देताना भूकंप, युद्ध, बॉम्बस्फोट सोडून विंचवापासून सुरुवात करण्याला कारण आहे. धक्का म्हटले की नजर घावाकडे जाते: किती रिश्टरचा, किती मिलिमीटरचा, किती किलो स्फोटकांचा. घाव मोजता येतो, त्याचा फोटो निघतो, त्याची तारीख लक्षात राहते. पण घावाच्या आधी अंगात काय शिल्लक होते आणि घावानंतर अंगाने, घराने, शेजाऱ्याने, सरकारने काय केले, यावरच बरेचसे ठरत असते. हे माणसाच्या देहाला लागू आहे आणि त्याच्या गावालाही.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांसाठी शॉक म्हणजे भीती किंवा आश्चर्य नव्हे. पेशींपर्यंत पुरेसे रक्त, पर्यायाने पुरेसा प्राणवायू न पोहोचणे, एवढाच त्याचा अर्थ. कारण काहीही असू शकते: रक्तस्राव, हगवण, हृदयविकार, जंतुसंसर्ग, मधमाशीचा डंख, एखाद्या औषधाची तीव्र ॲलर्जी. यातली सगळ्यात फसवी बाब अशी, की शरीर बराच वेळ सांभाळून घेते. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले लिटर-दीड लिटर गेले तरी आडव्या पडलेल्या रुग्णाचा रक्तदाब अनेकदा बरा दिसतो, कारण हृदय वेग वाढवते आणि शरीर त्वचेचा, आतड्यांचा रक्तपुरवठा कापून मेंदू आणि हृदयाला देते. लहान मुले तर शेवटपर्यंत तग धरतात आणि मग एकदम कोसळतात. म्हणून अनुभवी परिचारिका यंत्रावरच्या आकड्यावर विसंबून राहत नाही. ती मुलाचे नख दाबून सोडते. त्याखालचा गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला, तळवे गार लागले, तर आकडा काहीही म्हणो, ती डॉक्टरांना हाक मारते.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या रुग्णालयात जमिनीवर, मलमूत्रात पडलेली माणसे आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आलेले, अशा अवस्थेत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा योग्य प्रमाणात मिसळलेले पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली. पाजायचे काम नातेवाइकांनीच करायचे होते. कॉलरात माणूस मरतो तो अंगातले पाणी संपून आलेल्या शॉकने. ते पाणी तोंडावाटे परत भरता येते हे प्रयोगशाळेत ठाऊक होते; आईच्या हातातल्या वाटीने आणि चमच्याने ते हजारो लोकांना देता येते हे बनगावला सिद्ध झाले. छावणीतले मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आले. घाव तोच राहिला, पण घावानंतरचे काही तास बदलले.

मनाच्या धक्क्याला मात्र नख दाबून पाहण्यासारखी सोपी खूण नाही, आणि त्याची किंमत अनेकांनी जिवाने मोजली आहे. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने १९१५ साली 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. सैनिक थरथरत, त्यांची वाचा जाई, दिसेनासे होई. अंगावर मात्र जखम नसे. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा सुरुवातीचा कयास होता. पुढे दिसले, की ज्यांच्या आसपासही गोळा फुटला नव्हता अशा माणसांतही हीच लक्षणे आहेत. मग लष्कराला प्रश्न पडला तो उपचारांपेक्षा शिस्तीचा: हा आजारी की भेकड? पळून जाणे, भेकडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश लष्कराने त्या युद्धात ३०६ सैनिकांना गोळ्या घालून मारले. त्यांतले किती जण मनाने मोडलेले होते हे आता कोण सांगणार? त्यांना माफी जाहीर झाली २००६ साली, नव्वद वर्षांनी. दरम्यान व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांमुळे १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आघातोत्तर तणावाच्या विकाराला स्थान मिळाले. त्यामुळे निदान एवढे तरी मान्य झाले, की धक्का बसलेल्या माणसाला त्याच्या धक्क्याबद्दल दोषी धरता येत नाही. हे मान्य करायला माणसाला इतका वेळ लागावा, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

समाजाला बसणाऱ्या धक्क्यातही विंचवाचा तो दुसरा टप्पा येतो. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण आहे ही बातमी पसरली आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत, खेड्यापाड्यांतसुद्धा, ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ज्यांचा त्या कटाशी काडीचा संबंध नव्हता अशी कुटुंबे नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली. कित्येकांनी शेतीवाडी सोडून पुणे-मुंबई गाठली ती कायमचीच. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांची आहे. मारेकऱ्याच्या गोळ्यांनी देशाला दुःख दिले. त्या दुःखाने मुठी आवळल्या आणि गावगाड्यातली एकमेकांत गुंतलेली माणसे कायमची तुटली. गावात आधीपासून साचलेले राग, जमिनीचे आणि कर्जाचे हिशेब, जातीची उतरंड यांना त्या दिवशी वाट मिळाली, हेही तितकेच खरे. धक्का कोऱ्या पाटीवर कधीच उमटत नाही.

महाराष्ट्राला धक्क्याचा हा सगळा प्रवास एका ठिकाणी पाहायचा तर किल्लारीकडेच जावे लागते.

१९९३ च्या २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे विसर्जन आटोपून उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जगाच्या हिशेबाने हा काही प्रचंड भूकंप नव्हे. जपानमध्ये एवढ्या हादऱ्यात बहुतेक इमारती उभ्या राहतात. इथे मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान गेला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे पाहता पाहता दगडमातीचे ढीग झाली.

मारले ते भिंतींनी. मराठवाड्याच्या त्या पट्ट्यात खणांची, माळवदाची घरे होती. दोन-अडीच फूट जाडीची काळ्या दगडाची भिंत, चिखलात बांधलेली. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही थरांना आरपार बांधून धरणारा आडवा दगड बहुतेक ठिकाणी नाही. वर लाकडी तुळया आणि त्यांवर फूट-दोन फूट माती, उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून दरवर्षी थोडी थोडी घातलेली. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात हीच घरे माणसाला जगवत होती. त्या पहाटे भिंतीचे दोन थर फाकले आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. पाठोपाठ पावसाने गाठले. ढिगारे उपसणे मुश्कील झाले, कोरडे सरपण मिळेना आणि पडलेल्या घरांचीच लाकडे चितांवर गेली.

याला अचानक म्हणावे का? १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला धक्क्यांची मालिकाच बसली होती. लोक घाबरून बाहेर झोपले होते, अर्ज-निवेदने झाली होती. पण देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार अढळ आहे, हा समज १९६७ च्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपाने हादरवला होता. तरी त्या भूकंपाचा दोष नव्या धरणातल्या पाण्याच्या नावावर टाकून पठार पुन्हा निर्धास्त झाले. किल्लारीनंतर नकाशा बदलला: २००२ साली पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. गावकऱ्यांच्या पायांना वर्षभर आधी जे जाणवले होते ते कागदावर यायला दहा वर्षे लागली.

नंतरची कहाणीही तितकीच बारकाईने वाचायला हवी, कारण तिच्यात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे आणि खटकावे असेही. राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावे नव्या जागी हलवली. घरे देताना जमिनीचा हिशेब लावला: भूमिहीन आणि अगदी लहान शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या खातेदाराला ७५०. काही हेक्टरांच्या फरकाने गावातली जुनी विषमता सिमेंटमध्ये पक्की झाली. शिवाय एकाच मापाची घरे एका ओळीत आल्याने भावकी, शेजार, आळी विखुरली. शहराच्या वसाहतीसारखे सरळ रुंद रस्ते आखले, पण बैल बांधायचे कुठे, कडबा रचायचा कुठे, म्हातारीने दुपारी कुणाच्या ओट्यावर बसायचे, हे नकाशात नव्हते. लोक मात्र दगडाला इतके धास्तावले होते, की त्यांना काँक्रीटच हवे होते. आयुष्यभर ज्या दगडाच्या आडोशाने जगलो त्याचीच भीती बसणे, हा धक्क्याचा दीर्घकाळ टिकणारा भाग. नवे पक्के घर शेजारी उभे असताना पत्र्याच्या शेडमध्ये झोपणारी कुटुंबे पुढे कितीतरी काळ दिसत.

ज्यांची घरे पूर्ण पडली नव्हती अशा शेकडो गावांत दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. भिंतीत आरपार दगड बसवणे, दारा-खिडक्यांच्या वरून काँक्रीटचा पट्टा फिरवणे, छपरावरची जास्तीची माती काढणे. काम सोपे, पण घराघराला पटवायचे कसे? प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने सरकारने गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले. ज्यांनी तोवर ग्रामसभेत तोंड उघडले नव्हते त्या बायका हप्त्याचा हिशेब विचारू लागल्या, गवंड्याला 'हा दगड आरपार गेलाय का, दाखव' म्हणू लागल्या. २००१ मध्ये भुजला भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या या बायका गुजरातला गेल्या आणि तिथल्या बायकांना ढिगाऱ्यातून घर उभे करण्याची रीत सांगू लागल्या. अनाथ आणि निराधार झालेली सुमारे बाराशे मुले शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला आणली. एका पहाटेने मोडलेले आयुष्य जोडायला किती हात आणि किती वर्षे लागतात, याचा हा हिशेब आहे. मृतांच्या आकड्याइतकाच तो पाठ असायला हवा.

सगळे धक्के कडाडून येत नाहीत. बहात्तरचा दुष्काळ दोन-तीन वर्षे सरकत सरकत आला. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, ज्वारीची कणसे भरली नाहीत. एरवी असा दुष्काळ म्हणजे भूकबळी. त्या वेळी सरकारने मागेल त्याला काम देण्याचा सपाटा लावला. लाखो माणसे, घरंदाज शेतकऱ्यांच्या बायकासुद्धा, रस्त्यावर खडी फोडायला, पाझर तलाव आणि नालाबंडिंगच्या कामावर आली. कामावर सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळे. ती मिलो घशाखाली उतरत नसे, हे त्या पिढीतला प्रत्येक जण आजही सांगतो. हाल अतोनात झाले, तरी अशा दुष्काळात पूर्वी होत तशा प्रचंड प्रमाणावर मृत्यू झाले नाहीत. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना यातून राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिचाच पाया मिळाला. बाई हातात हातोडा घेऊन खडीवर बसली होती तेव्हा ती कायद्याचा पाया घालते आहे, असे तिच्या मनातही आले नसेल. पण एका संकटाने पुढच्या संकटांसाठी गंगाजळी तयार करून ठेवल्याचे इतके ठळक उदाहरण देशात दुसरे शोधावे लागेल.

याच्या उलट गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. कुणी कोकणात, कुणी घाटावर गावी परतले, कुणी भाजीची गाडी लावली, कुणाच्या बायकोने घरकामे धरली. कामगारांना डबे घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांच्या चुली थंडावल्या. लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत एकेक वस्तू गहाण पडत गेली आणि पोरे भलत्या वाटांना लागली. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकातले कुटुंब अशाच एका खोलीतले आहे. इथे पंचनामा झाला नाही, तंबू पडले नाहीत, मदतीचे ट्रक आले नाहीत. भूकंपग्रस्त, पूरग्रस्त असे दाखले मिळतात; संपग्रस्ताला दाखला मिळत नाही. शरीराने आतड्यांचा रक्तपुरवठा कापून मेंदू जगवावा तशी मुंबईने गिरणगावाची किंमत देऊन स्वतःची उलाढाल चालू ठेवली. शहराचे आकडे चांगले दिसत राहिले.

काही धक्के ठरवून दिले जातात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी जवळपास ८६ टक्के रक्कम या नोटांत होती. आठवड्याभरातच जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शेतकऱ्याचे खाते बहुधा याच बँकेत असते. ऐन रब्बीच्या पेरणीत बियाणे-खतासाठी हाती पैसा नाही आणि बाजार समितीत माल घेऊन गेले तर व्यापाऱ्याकडे रोकड नाही. निर्णयाच्या हेतूबद्दल मतभेद राहतील. पण ज्यांच्याकडे कार्ड होते, दोन बँकांत खाती होती, त्यांना ती गैरसोय वाटली. ज्याचे सगळे व्यवहार रोखीचे, त्याचा हंगाम गेला. एकाच घोषणेचे इतके वेगळे परिणाम का झाले, याचे उत्तर घोषणेत सापडणार नाही. ते ८ नोव्हेंबरच्या आधी कोणाच्या गाठीशी काय होते, त्यात आहे.

परक्या देशात गेल्यावर बसणारा संस्कृतीचा धक्का, आल्विन टॉफलर यांनी १९७० साली ज्याच्यावर पुस्तक लिहिले तो वेगवान बदलाचा धक्का, तेलाच्या किमतीने १९७३ साली जगाला दिलेला धक्का, असे आणखी कितीतरी प्रकार आहेत. प्रत्येकावर स्वतंत्र लिहिले गेले आहे आणि लिहायला हवे. इथे ज्यांच्याकडे आधी वळायचे ते धक्के म्हणजे ज्यांची सूचना कोणाला तरी मिळालेली होती आणि जिथे तिची दखल घेतली गेली नाही.

कारण ते अजून थांबलेले नाहीत. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले आणि १५१ माणसे मेली. गाव जागेवर नाही हे आधी लक्षात आले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाच्या. त्यानंतर राज्यभर दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. ठाकर आदिवासींची ती वाडी. वर जायला गाडीचा रस्ता नाही, बचाव पथकाला पावसात चढून जावे लागले, यंत्रे नेता आली नाहीत. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. किल्लारीही त्याच्या तीस वर्षे आधी अशीच नकाशावर सुरक्षित होती. डोंगरउतारावरच्या वाड्यांत जमिनीला पडलेली भेग, वाकलेले झाड, अचानक गढूळ झालेला झरा सगळ्यात आधी दिसतो तो तिथे राहणाऱ्या माणसाला. त्याने तलाठ्याला सांगितलेली गोष्ट कोणत्या रजिस्टरात लिहायची आणि पुढच्या पावसाळ्याआधी ती वाचायची कोणी, हे सह्याद्रीच्या अनेक तालुक्यांत अजून ठरायचे आहे.